एकदाच लिहिली जाणारी फाइल

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं, की मंचर, कळंब ही आंबेगाव तालुक्यातली गावं मागे टाकत आपण जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पोचतो. तिथून पूर्वेला खोडदकडे वळलं, की ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे तारेच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. एकेका थाळीचा व्यास 45 मीटर. अशा एकूण 30 आहेत. त्यांतल्या 14 खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या आत दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर दूरदूर पसरलेल्या आहेत. सगळ्यांत लांबच्या दोन अँटेनांमधलं अंतर 25 किलोमीटरच्या आसपास भरतं. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. 2002 पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ती वापरतात.

ही जागा निवडण्यामागे कारणं होती. शहरी रेडिओ गोंगाट इथे कमी होता, आजूबाजूला डोंगरांची आडोशाची भिंत होती, पुणे हाकेच्या अंतरावर होतं आणि 19 अंश अक्षांशावरून दक्षिणेकडच्या आकाशाचाही मोठा भाग दिसत होता. तो शांतपणा टिकावा म्हणून दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. परिसरात काय उभारायचं आणि काय नाही, यावर आजही चर्चा झडतात. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची आखणीसुद्धा या दुर्बिणीपाशी अडली. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की जवळ उडालेली विजेची ठिणगीही त्याला बुडवून टाकते.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तालुक्यातल्या शाळांची मुलं खोडदला येतात आणि थाळ्या डोळे भरून पाहतात. या प्रकरणाचा विषय मात्र थाळीच्या मागे आहे. ऑप्टिकल फायबरमधून सगळ्या अँटेनांचे संकेत मध्यवर्ती इमारतीत येतात, तिथे त्यांची जोडीजोडीने सांगड घातली जाते आणि शेवटी हाती काय उरतं? एक फाइल. खगोलशास्त्रज्ञ आकाशाचं जे चित्र काढतो, ते त्या फाइलमधून काढतो. फाइल अर्धवट असेल, तर चित्र अर्धवट. आणि फाइल चुकीची असूनही बरोबर असल्यासारखी दिसत असेल, तर त्याहून वाईट.

आकार किती, ते हाताने मांडून पाहू. 30 अँटेनांच्या जोड्या होतात 435. प्रत्येक जोडीची दोन ध्रुवीकरणं, प्रत्येकात 2048 वारंवारता-पट्ट्या, आणि सोयीसाठी प्रत्येक मोजमापाला 8 बाइट धरले, तर एका नोंदीला 1 कोटी 42 लाख बाइट लागतात. दर 8 सेकंदांना अशी एक नोंद घेतली, तर तासाला साधारण 6.4 गिगाबाइट होतात आणि आठ तासांच्या निरीक्षणाला 51. एवढ्या आकाराची फाइल खोडदहून पुण्याला, पुण्याहून कुणाच्या विद्यापीठात, तिथून एखाद्या विद्यार्थ्याच्या डिस्कवर जाते. प्रत्येक टप्प्यावर जागा संपू शकते, तार तुटू शकते, वीज जाऊ शकते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या कुशीत वीज जाणं ही काही बातमी नव्हे.

आणि ती रात्र परत मागता येत नाही. दुर्बिणीचा वेळ अर्ज करून मिळतो. वर्षात निरीक्षणांची दोनच सत्रं असतात आणि मागणी उपलब्ध वेळेपेक्षा जास्त असते. वेळ पुन्हा मिळाला, तरी आकाश तेच नसतं. सूर्यावरचा उद्रेक, स्पंदक ताऱ्याच्या गतीतला अचानक झटका, एखाद्या स्फोटानंतरचा विझत जाणारा प्रकाश हे सगळं एकदाच घडतं. म्हणूनच जुन्नरच्या या कोपऱ्यात 'फाइल कशी हाताळावी' हा प्रश्न एरवीपेक्षा जास्त जिव्हाळ्याचा होतो.

19 ऑक्टोबर 2016 ची संध्याकाळ घ्या. त्या दिवशी युरोपीय अवकाश संस्थेचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा दुबळा रेडिओ संकेत ऐकण्यासाठी खोडदच्या थाळ्या मंगळाकडे वळवल्या होत्या. संकेताला पृथ्वीवर यायला दहा मिनिटांच्या आसपास लागत होती. यान वातावरणात शिरलं, हवाई छत्री उघडली, आणि मग उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडं आधी संकेत थांबला. खोडदला फक्त वाहक लहर ऐकू येत होती. यानात नेमकं काय बिघडलं ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं. तो तपशील मातृयानाने साठवून नंतर पाठवलेल्या नोंदींतून निघाला.

बिघाड काय होता? यानाची फिरण्याची गती मोजणारं उपकरण छत्री उघडल्यावर आपल्या कमाल मर्यादेला जाऊन अडकलं, आणि अपेक्षेपेक्षा जास्त वेळ, सुमारे एक सेकंद, तिथेच राहिलं. संगणकाने तो आकडा खरा मानून हिशेब पुढे नेला आणि त्याला यानाची उंची ऋण आली, म्हणजे यान जमिनीच्या खाली! ही उंची अशक्य आहे, हे तपासणारी पायरी आड आली नाही. संगणकाने छत्री सोडून दिली, ब्रेकची इंजिनं फक्त 3 सेकंद चालवली आणि यान उतरलं असं समजून जमिनीवरची कामं सुरू केली. तेव्हा यान 3.7 किलोमीटर उंचीवर होतं. 2017 मध्ये आलेल्या चौकशी अहवालात चूक ओळखणं, ती वेगळी काढणं आणि तिच्यातून सावरणं या रचनेतल्या उणिवेवर स्पष्ट बोट ठेवलेलं आहे.

एका सेकंदाच्या चुकीच्या आकड्याने यान पडलं नाही. आकडा चुकीचा आहे हे कळूनही, किंवा कळायला हवं असूनही, कार्यक्रम पुढे चालत राहिला म्हणून पडलं. फाइल हाताळणाऱ्या साध्या स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच चूक रोज होते. फरक इतकाच, की तिथे काही कोसळल्याचा आवाज येत नाही.

आता पर्ल या प्रोग्रामिंग भाषेकडे येऊ. जीएमआरटीच्या सांगड घालणाऱ्या यंत्रणेचा गाभा पर्लमध्ये नाही. तिथे ग्राफिक्स प्रोसेसर आणि सी भाषेचं राज्य आहे, आणि फाइलमधून चित्र काढणाऱ्या आजच्या साखळ्या बहुतेक पायथनमध्ये आहेत. तरीही या प्रकरणासाठी मी पर्ल निवडली, कारण फाइलशी व्यवहार करणं हेच तिचं जन्मकारण. लॅरी वॉल यांनी डिसेंबर 1987 मध्ये ती जगापुढे ठेवली, ती मजकुराच्या फाइलींच्या ढिगातून कामाचे अहवाल काढण्यासाठी. ती पहिल्यापासून खुली आहे; कुणीही स्रोत उघडून वाचावा. खगोलशास्त्रज्ञांनी तिला लवकर जवळ केलं. कार्ल ग्लेझब्रुक या खगोलशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात तिला मोठाले आकड्यांचे तक्ते पेलायला शिकवलं आणि त्यातून पर्ल डेटा लँग्वेज घडली. हवाई बेटांवरच्या मौना केआ शिखरावरच्या दोन दुर्बिणींसाठी फ्रॉसी इकॉनॉमू आणि टिम जेनेस यांनी ओरॅक-डीआर नावाची अख्खी साखळी पर्लमध्ये लिहिली. निरीक्षण चालू असतानाच दुर्बिणीच्या फाइली एकामागून एक उचलून ती साखळी चित्रं तयार करते. तिचा स्रोत आजही कुणालाही उघडून पाहता येतो.

ओरॅक-डीआरमधली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. दुर्बीण फाइल लिहीत आहे आणि स्क्रिप्ट ती वाचायला टपून बसली आहे. मग फाइल पूर्ण झाली हे स्क्रिप्टला कळणार कसं? फाइल फोल्डरमध्ये दिसते म्हणजे ती पूर्ण झाली, असं नव्हे; पहिला बाइट पडताच ती दिसू लागते. काही सेकंद थांबून आकार वाढतोय का पाहावं, तर लिहिणारा मधेच अडला असेल आणि वाचणारा फसेल. म्हणून दुर्बिणीची यंत्रणा फाइल पूर्ण लिहून झाल्यावर शेजारी एक छोटी लपलेली खूण-फाइल ठेवते, आणि स्क्रिप्ट त्या खुणेची वाट पाहते. 'झालं' हे लिहिणाऱ्याने सांगायचं, वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं नाही. शिवाय मूळ फाइली एका फोल्डरमध्ये आणि प्रक्रिया केलेल्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये. मुळावर कुणी लिहीत नाही.

आता एक छोटी स्क्रिप्ट जवळून पाहू. समजा, जीएमआरटीची निरीक्षणं फिट्स स्वरूपात आणून आपल्या डिस्कवर नीट लावायची आहेत. फिट्स हे खगोलशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाअखेरीस आपसांत ठरवलेलं फाइलीचं स्वरूप. ते अजून टिकून आहे, कारण त्याचा एक नियम: एकदा फिट्स म्हणून मान्य झालेली फाइल कायम वाचता आलीच पाहिजे. तिच्या सुरुवातीला 80 अक्षरांच्या ओळींचा मथळा असतो; 80, कारण तेव्हाच्या छिद्रित कार्डावर तेवढी अक्षरं मावत. अशा 36 ओळींचा एक ठोकळा होतो 2880 बाइटचा, आणि सगळी फाइल अशा पूर्ण ठोकळ्यांचीच असते. तेव्हाच्या वेगवेगळ्या संगणकांच्या शब्दलांबींना नीट भागला जावा म्हणून 2880 हा आकडा घेतला होता. आपल्याला तो वेगळ्याच कामी येतो.

समजा, 1000 ठोकळ्यांची, म्हणजे 28,80,000 बाइटची एक छोटी चाचणी-फाइल आपण नेटवर्कवरून ओढली आणि मधेच संपर्क तुटला. डिस्कवर पडले 28,79,488 बाइट. डोळ्याला फाइल जवळजवळ पूर्ण. मथळा सुरुवातीला असल्यामुळे तो छान उघडतो, निरीक्षणाची तारीखही वाचता येते. पण 28,79,488 ला 2880 ने भागलं, की बाकी उरते 2368. बाकी शून्य नाही, म्हणजे फाइल तुटलेली. पर्लमध्ये फाइलचा आकार विचारायला एकच अक्षर पुरतं आणि बाकी काढायला एक चिन्ह. एका ओळीची तपासणी, पण ती आठ तासांच्या हिशेबावर पाणी पडू देत नाही. तुटण्याची जागा नेमकी ठोकळ्याच्या सीमेवर आली तर मात्र ही तपासणी फसते. तेव्हा मथळ्यात लिहिलेल्या मापांवरून फाइल किती लांब असायला हवी ते काढायचं आणि शेवटी सगळ्या मजकुराची पडताळणी-बेरीज जुळवायची. ही बेरीज मथळ्यातच ठेवण्याची सोय आता फिट्सच्या प्रमाणात आहे.

फाइल उघडण्यापासूनच धोका सुरू होतो. पर्लमध्ये 'ओपन' ही आज्ञा अपयशी ठरली, तरी कार्यक्रम आपणहून थांबत नाही. ती फक्त 'नाही' असं उत्तर देते आणि कारण एका खास चलात ठेवते: फाइल नाही, परवानगी नाही, डिस्कवर जागा नाही. ते उत्तर कुणी विचारलंच नाही, तर पुढच्या ओळी न उघडलेल्या फाइलमधून वाचतात, हाती काहीच येत नाही आणि 'काहीच नाही' हेच निरीक्षण म्हणून पुढे जातं. म्हणून पर्ल लिहिणाऱ्यांच्या बोटांत एक सवय बसलेली असते: 'ओपन' नंतर लगेच 'ऑर डाय', म्हणजे उघडली नाही तर इथेच थांब, आणि थांबताना फाइलचं नाव व कारण दोन्ही सांग. नाव सांगणं फार महत्त्वाचं. शंभर फाइलींच्या रांगेत 'परवानगी नाही' एवढीच ओळ सकाळी दिसली, तर तिचा उपयोग शून्य. हे दरवेळी लिहायला माणूस विसरतो, म्हणून पॉल फेनविक यांनी 'ऑटोडाय' नावाचा भाग लिहिला आणि 2009 पासून तो पर्लसोबतच येतो. तो लावला, की न विचारताही अपयश बोलू लागतं.

उघडण्याची जुनी पद्धत आणखी एका कारणाने धोक्याची होती. तिच्यात फाइलचं नाव आणि ती कशासाठी उघडायची हे एकाच मजकुरात लिहीत. नाव कुठूनतरी बाहेरून आलं आणि त्याच्या शेवटी उभी रेघ असली, तर पर्ल ते नाव आज्ञा समजून चालवत असे. सुरुवातीला 'पेक्षा मोठं' हे चिन्ह असलं, तर वाचायच्या फाइलवर लिहायला सुरुवात. 2000 साली आलेल्या 5.6 या आवृत्तीपासून फाइलची मूठ (हँडल), हेतू आणि नाव असे तीन भाग वेगळे देता येतात. तरीही आज जुन्या स्क्रिप्टमध्ये दोन भागांची पद्धत दिसते. ती दिसली, की पहिल्यांदा तीच दुरुस्त करावी.

लिहिण्यासाठी फाइल उघडताना एक क्षण फार नाजूक असतो. साध्या 'लिही' हेतूने उघडताच, एकही अक्षर लिहायच्या आधी, त्या नावाची जुनी फाइल शून्य बाइटची होते. जीएमआरटीच्या मूळ नोंदींचं फिट्समध्ये रूपांतर करणारं जे जुनं साधन आहे, त्याच्या नोंदपत्रात निघणाऱ्या फाइलचं नाव मुद्दाम बदललं नाही तर ते 'टेस्ट' असंच राहतं. सोमवारच्या निरीक्षणाचं नाव टेस्ट आणि मंगळवारच्याचंही टेस्ट. मग या फाइली हलवणाऱ्या आपल्या स्क्रिप्टने 'या नावाची फाइल आधीच असेल तर उघडूच नको' अशा हेतूने उघडायला हवं. पर्लमध्ये ती सोय आहे, आणि ती तपासणी व निर्मिती एकाच झटक्यात करते. आधी 'फाइल आहे का' विचारून मग उघडलं, तर त्या दोहोंच्या मधल्या क्षणी दुसरी स्क्रिप्ट येऊन फाइल बनवू शकते.

वाचताना आणखी बारीक सापळा असतो. तुकड्या-तुकड्याने वाचणारी 'रीड' ही आज्ञा किती बाइट मिळाले ते सांगते. शून्य म्हणजे फाइल संपली. पण वाचताना डिस्कच बिघडली, तर ती शून्य देत नाही. 'अव्याख्यात' असं उत्तर देते. आता 'जोवर मिळतंय तोवर वाच' असा सरळ फेरा लिहिला, तर त्याच्या लेखी शून्य आणि अव्याख्यात दोन्ही सारखेच, दोन्ही 'थांब'. डिस्कवरची खराब जागा म्हणजे फाइलचा शेवट, असं समजून स्क्रिप्ट समाधानाने बाहेर पडते. दोन उत्तरं वेगळी तपासली, की हा घोळ मिटतो. भाषेने फरक सांगितलेला असतो. तो ऐकणं आपल्याकडे असतं.

लिहिण्याच्या बाजूलाही तसंच. 'प्रिंट' केलं आणि 'हो' उत्तर आलं, म्हणजे मजकूर डिस्कवर पोचला असं नाही. तो बहुधा स्मृतीतल्या एका साठ्यात थांबलेला असतो. डिस्क भरली आहे हे बऱ्याचदा फाइल बंद करताना समजतं. म्हणून 'क्लोज'चं उत्तरही विचारायचं. लिहिणाऱ्यांतले फार थोडे ते विचारतात, आणि माझ्या मते पर्लच्या स्क्रिप्टमध्ये सर्वांत जास्त माल इथेच हरवतो. याच टप्प्यावर आकड्यांच्या फाइलीला 'ही मजकुराची नाही, कच्चे बाइट आहेत' हेही सांगून ठेवावं लागतं, नाहीतर विंडोजसारख्या ठिकाणी ओळ बदलण्याच्या प्रत्येक बाइटच्या जागी दोन बाइट पडतात आणि सगळी मोजमापं सरकतात.

मग सुरक्षित लिहायचं कसं? तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहायची, बंद करायची, आकार आणि बेरीज तपासायची, आणि सगळं जुळलं तरच तिला खरं नाव द्यायचं. नाव बदलणं एकाच डिस्कवर एका झटक्यात होतं. वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाइल दिसते किंवा नवी पूर्ण फाइल, अर्धवट कधीच नाही. मधे वीज गेली, तर मागे उरते ती फक्त तात्पुरत्या नावाची अर्धी फाइल, आणि ती पाहताक्षणी ओळखू येते. अट एकच: तात्पुरती फाइल त्याच डिस्कवर हवी. वेगळ्या डिस्कवर ठेवली तर नाव बदलण्याची आज्ञा नकार देते आणि ज्या स्क्रिप्टने तो नकार ऐकला नाही तिचं सगळं काम अधांतरी राहतं.

ही पद्धत प्रत्यक्ष पाहायची, तर फिल हार्वी यांनी लिहिलेलं एक्झिफटूल उघडावं. 2003 पासून चालत आलेलं, पर्लमधलं, पूर्ण खुलं. छायाचित्रांच्या फाइलींतली तारीख, वेळ, कॅमेरा, ठिकाण अशी माहिती ते वाचतं आणि बदलतं. जुन्नरला याचा संबंध बिबट्यांमुळे येतो. या तालुक्यात उसाच्या शेतांतून बिबटे वावरतात, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, आणि बिबट्यांच्या अभ्यासात झाडाला बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचं स्थान मोठं आहे. कॅमट्रॅपआर हे अशा छायाचित्रांची मांडणी करणारं संशोधकांचं साधन तारखा वाचायला आतून एक्झिफटूलचाच आधार घेतं. समजा, एका कॅमेऱ्याचं घड्याळ एक तास पुढे राहिलं आणि हजारो छायाचित्रांच्या वेळा एका आज्ञेने मागे सरकवायच्या आहेत. एक्झिफटूल मूळ फाइलला हातच लावत नाही. ते शेजारी तात्पुरती फाइल लिहितं, ती नीट झाली तरच मूळ फाइलच्या नावापुढे 'ओरिजिनल' जोडून तिला बाजूला ठेवतं आणि नवीला जुन्याचं नाव देतं. सरकवलेली वेळच चुकली असं कळलं, तर मूळ परत आणण्याची आज्ञा आहे. आधीच्या मोडलेल्या फेरीची तात्पुरती फाइल तिथे सापडली, तर एक्झिफटूल तिच्यावर लिहीत नाही. चूक दाखवून ती फाइल सोडून देतं. मूळ प्रती न ठेवता थेट बदल करण्याचा पर्यायही आहे, पण तो मागावा लागतो. बहुतेकांना कधी लागणारच नाही असा सुरक्षित मार्ग आपोआप मिळावा आणि धोक्याचा मार्ग मुद्दाम निवडावा लागावा, ही मांडणी मला फार सुज्ञपणाची वाटते.

चूक पकडून पुढे जाण्यासाठी पर्लमध्ये पूर्वीपासून 'इव्हॅल' आहे. 'ट्राय' आणि 'कॅच' ही स्वच्छ जोडी 2021 मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि 2024 च्या 5.40 आवृत्तीत पक्की झाली. साधन हाती आलं, की ते सगळीकडे वापरण्याचा मोह होतो: काहीही बिघडो, पकड आणि पुढे चल. इथे थांबून विचार करायला हवा. नेटवर्क तुटलं, तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करणं योग्य. दुसऱ्यांदा जमण्याची शक्यता खरी आहे. पण पडताळणी-बेरीज जुळली नाही, तर तीच फाइल पुन्हा वाचून काय होणार? तिथे फाइल बाजूला काढायची, नोंदवहीत तिचं नाव आणि कारण लिहायचं आणि माणसाला हाक मारायची. आणि डिस्क भरली असेल, तर पुढची फाइल घ्यायचीच नाही, कारण तिचंही तेच होणार.

अँटेनांच्या नावांतही असा एक सापळा दडलेला आहे. मध्यवर्ती चौकातल्या अँटेनांची नावं सी-00 पासून सी-14 पर्यंत जातात, पण सी-07 नाही. पूर्वेच्या बाहूवर क्रम ई-02 पासून सुरू होतो. दक्षिणेच्या बाहूवर एस-04 नंतर थेट एस-06. ज्या विद्यार्थ्याने 'सी-00 ते सी-14' असा फेरा लिहिला, त्याला सी-07 ची नोंद सापडणार नाही. त्याने सापडली नाही म्हणून शून्य भरलं, तर अस्तित्वात नसलेल्या अँटेनाचं शून्य मोजमाप सरासरीत मिसळेल आणि चित्र फिकट होईल, कुठेही चूक दिसणार नाही. क्रमांक मोजत जाण्यापेक्षा नावांची यादीच द्यावी आणि यादीतलं नाव सापडलं नाही तर थांबावं.

'मोजलं ते शून्य' आणि 'मोजलंच नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त रेडिओ खगोलशास्त्रात फार जुनी आहे. जवळच्या एखाद्या वीजवाहिनीतून ठिणगी उडाली आणि चार मिनिटांची मोजमापं नासली, तर ती खोडत नाहीत. फिट्स फाइलमध्ये प्रत्येक मोजमापासोबत त्याचं वजन लिहिलेलं असतं. नासलेल्या मोजमापाचं वजन ऋण किंवा शून्य करतात आणि पुढची प्रत्येक पायरी ते वगळते. ऋण खूण केली असेल, तर मूळ आकडा आणि त्याचं जुनं वजन दोन्ही जागेवर राहतात. सातबाऱ्यावर तलाठी जुनं नाव खरवडून काढत नाही, त्याला कंस करतो आणि फेरफाराचा क्रमांक टाकतो, इथेही तसंच. उद्या कुणाला वाटलं, की ती चार मिनिटं उगाच वगळली, तर खूण काढता येते.

या सगळ्या दक्षतेचं फळ कसं दिसतं, त्याचं जीएमआरटीतलंच उदाहरण आहे. 2010 ते 2012 या काळात खोडदच्या थाळ्यांनी 150 मेगाहर्ट्झच्या आसपास जवळजवळ सगळं दिसणारं आकाश टप्प्याटप्प्याने टिपलं. टीजीएसएस नावाने ओळखलं जाणारं हे सर्वेक्षण. मूळ नोंदी जीएमआरटीच्या संग्रहात राहिल्या आणि ठराविक काळानंतर सगळ्यांना खुल्या झाल्या. त्या नोंदी मुळात ज्यांनी घेतल्या, त्यांच्यापेक्षा वेगळ्या एका गटाने, हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी, त्या संग्रहातून घेऊन आपल्या पद्धतीने पुन्हा पहिल्यापासून प्रक्रिया केली. 2017 मध्ये निकाल आला: 36,900 चौरस अंश, म्हणजे आकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग, आणि त्यात 6 लाखांहून जास्त रेडिओ स्रोत. निरीक्षणं होऊन वर्षं उलटली होती. एकही थाळी त्यासाठी पुन्हा फिरवावी लागली नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ऑस्ट्रेलियातल्या नताशा हर्ली-वॉकर यांनी ती यादी तिथल्या दुर्बिणीच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहिली, तेव्हा आकाशाच्या काही भागांत स्रोतांची तेजस्विता पद्धतशीर कमी-जास्त येत असल्याचं दिसलं. त्यांनी प्रत्येक भागासाठी दुरुस्तीचा गुणक काढला आणि तेवढ्या आकाशाची सुधारित यादी स्वतंत्र नावाने प्रसिद्ध केली. मूळ यादी कुणी मागे घेतली नाही, तिच्यावर कुणी लिहिलंही नाही. आज दोन्ही उपलब्ध आहेत. कोणता आकडा कुठून आला आणि कोणत्या गुणकाने बदलला, हे ज्याला हवं त्याला एकेका स्रोतापर्यंत तपासता येतं.